मागच्या मोनोशॉकची स्प्रिंग कडक करायची आहे: किती टक्के, आणि त्याआधी काय काय मोजायचं?

गंगापूर_नाका

मंडळी, गाडीचं मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा दहाव्या प्रतिसादात कंपन्यांच्या भांडणात जाईल. लिंकेजवाला मोनोशॉक (मागे एकच शॉक, चाकाशी जोडदांड्यांनी जोडलेला), मागच्या चाकाचा ट्रॅव्हल (वर-खाली हलण्याची जागा) 180 मिमी, शॉकचा स्ट्रोक (स्वतः दबण्याची जागा) 60 मिमी. आट्यांची प्रीलोड कॉलर (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) आहे, रिबाउंडचा (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग लावणारा) स्क्रू नाही.

वजन: चालवणारा 75, मागे बसणारी व्यक्ती 60, दोन्ही बाजूच्या बॅगा मिळून 25 किलो. शहरात एकट्याने काही तक्रार नाही. घोटीवरून भंडारदऱ्याकडे किंवा वणीवरून सापुताऱ्याकडे भरलेली गाडी नेली की गतिरोधकावर मागून आपटते आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. कॉलर पूर्ण आवळली तर आपटणं कमी होतं, पण मग एकट्याने चालवताना मागचं चाक उडतं.

बाजारात मूळच्यापेक्षा 10, 20 आणि 30 टक्के कडक स्प्रिंग मिळतात. एका दुकानात सल्ला मिळाला, ‘नवी कशाला, आहे तिचाच एक वेढा कापून देतो.’ काय करावं?

सातपूर_टर्नर

वेढा कापायचा विषय तूर्त बाजूला ठेवा, त्यावर वेगळं लिहितो.

प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे आधी पक्कं करा. स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती 1 मिमी दाबायला लागणारा जोर, आणि तो तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यावर ठरतो. कॉलर फिरवून यातलं काहीच बदलत नाही. कॉलरने बदलते ती गाडीची बसण्याची उंची. एकट्याने चालवताना चाक उडतं त्याचं कारणही हेच. प्रीलोड इतका झाला आहे की रिकाम्या गाडीच्या वजनाने शॉक जेमतेमच दबतो. पुढे खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही.

खरेदीआधी सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते, मोजा. टेप, पेन्सिल आणि दोन माणसं पुरतात. मेन स्टँडवर चाक अधांतरी असताना मागच्या अॅक्सलच्या मध्यापासून बरोबर वर टेल पॅनलवर एक खूण करा आणि अंतर घ्या. मग गाडी चाकांवर, रिकामी. मग चालवणारा बसून, हेल्मेट-जॅकेटसकट, पाय फूटरेस्टवर, एकाने पुढून हँडल धरायचं. पहिल्या मापातून दुसरं वजा केलं की रिकामा सॅग, तिसरं वजा केलं की स्वाराचा सॅग. तसंच सगळं ओझं लादून चौथं माप घ्या.

एक बारकावा: प्रत्येक माप दोनदा घ्यायचं. एकदा सीट खाली दाबून हळूच सोडून, एकदा मागून उचलून हळूच सोडून. दोन्हींची सरासरी खरी. दोन्हींत 5-6 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर लिंकेजचं बेअरिंग सुकलंय किंवा गंजलंय. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांत हे हमखास निघतं, आणि अशा गाडीला नवी स्प्रिंग घालूनही ती आचकेच देते.

रानजाई

सॅगबरोबर मागच्या चाकावरचं वजनही घ्या, मग गणित नीट मांडता येईल. धान्याच्या किंवा कांद्याच्या दुकानात 300 किलोचा प्लॅटफॉर्म काटा असतो. मागचं चाक काट्यावर, पुढच्या चाकाखाली काट्याइतक्याच उंचीची फळी. गाडी सरळ उभी हवी, तिरकी नको. काट्यावरच्या आकड्यातून चाक, टायर, डिस्क, चेन आणि स्विंगआर्मचा (चाक धरणाऱ्या हलत्या भुजेचा) अर्धा भाग वजा करायचा, कारण ते वजन स्प्रिंगवर येतच नाही. या वर्गातल्या गाडीला 20 किलो धरा.

गंगापूर_नाका

मोजलं. कॉलर 10 मिमी प्रीलोडवर आणून घेतलेली मापं: रिकामा सॅग 25, एकट्याने 53, सगळं ओझं लादून 103 मिमी. काट्यावर मागचं चाक: रिकामी 105, एकट्याने 150, भरलेली 229 किलो. दाबून-उचलून फरक 3 मिमी.

रानजाई

छान, मापं अगदी वापरण्याजोगी आहेत.

चाक 180 हलतं तेव्हा शॉक 60 हलतो, म्हणजे सरासरी गुणोत्तर 3. (लिंकेजमुळे ते प्रवासभर एकसारखं नसतं. बारकाईने हवं असेल तर स्प्रिंग काढल्यावर चाक 30-30 मिमी उचलून शॉकच्या दोन डोळ्यांतलं (बोल्टच्या भोकांतलं) अंतर टिपा.) चाकाला जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा भागिले गुणोत्तराचा वर्ग. इथे 9 ने भागायचं. बरेच जण 3 ने भागतात आणि भलतीच स्प्रिंग मागवतात.

स्प्रिंगवर येणारं वजन: रिकामी 85, एकट्याने 130, भरलेली 209 किलो. म्हणजे साधारण 834, 1275 आणि 2050 न्यूटन. तुमच्या सॅगवरून उलटं काढलं तर मूळ स्प्रिंग 140 न्यूटन प्रति मिमीच्या आसपास येते, चाकाशी 15.6. शॉकवरचा 10 मिमी प्रीलोड चाकाशी 30 मिमी होतो. ताळा पाहा: 2050 भागिले 15.6 म्हणजे 131, त्यातून 30 गेले, 101. तुमचं माप 103. ठीक.

एकट्याचा 53 म्हणजे ट्रॅव्हलच्या 29 टक्के. साधारण 30 टक्के हवा असतो, म्हणजे एकट्यासाठी तुमची मूळ स्प्रिंग बरोबर आहे! भरलेल्या गाडीला मात्र 57 टक्के ट्रॅव्हल नुसतं उभं राहण्यातच जातंय.

भरलेल्या गाडीलाच प्रमाण मानून, 10 मिमी प्रीलोडवर 60 मिमी सॅग हवा म्हटलं तर 205 ची स्प्रिंग लागेल, मूळच्यापेक्षा 46 टक्के कडक. ती एकट्याला 26 मिमी बसेल, म्हणजे रोज कॉलेज रोडला लाकडी फळीवर बसल्यासारखं. म्हणून मधला मार्ग, 20 टक्के. 168-170 ची स्प्रिंग, चाकाशी 18.9. एकट्याने प्रीलोड 8 मिमी ठेवला तर सॅग 43-44, रिकामा 20. भरलेली असताना प्रीलोड 15 केला तर सॅग 63, म्हणजे 35 टक्के. दोन्हीकडे चालेल.

पाकिटावर आकडे वेगवेगळ्या एककांत असतात. 1 किलो प्रति मिमी म्हणजे 9.81 न्यूटन प्रति मिमी, आणि 1 न्यूटन प्रति मिमी म्हणजे 5.71 पाउंड प्रति इंच. 170 न्यूटनची स्प्रिंग पाउंडात 970 दिसेल, किलोत 17.3.

वालदेवी

रानजाईताई, गणित पटलं. पण वर ‘प्रीलोडने कडक होत नाही’ म्हटलंय आणि मूळ पोस्टमध्ये ‘कॉलर आवळल्यावर आपटणं कमी होतं’ असं आहे. दोन्ही खरं कसं?

रानजाई

दोन्ही खरं आहे. तळाला पोचेपर्यंत स्प्रिंग किती जोर देते ते पाहा. मूळ स्प्रिंग, 10 मिमी प्रीलोड: 15.6 गुणिले (180 + 30), म्हणजे 3276 न्यूटन. भरलेल्या गाडीच्या उभ्या वजनाच्या 1.6 पट. प्रीलोड 20 केला की 3744, म्हणजे 1.8 पट, म्हणून थोडं कमी आपटतं. पण त्याच 20 मिमीवर रिकामा सॅग शून्य होतो आणि चाक उडू लागतं. 170 ची स्प्रिंग 15 मिमी प्रीलोडवर 4250 देते, दुपटीपेक्षा थोडं जास्त, आणि एकट्यासाठी कॉलर परत 8 वर आणली की रिकामा सॅगही जागेवर येतो.

यातूनच एक खूण हाती लागते आणि ती बहुतेकांना उलटी वाटते. स्वाराचा सॅग बरोबर लावल्यावर रिकामा सॅग अगदी कमी किंवा शून्य राहिला तर स्प्रिंग मऊ आहे, कारण ती उंची गाठायला फार प्रीलोड द्यावा लागला. रिकामा सॅग फार मोठा राहिला तर स्प्रिंग कडक आहे.

सातपूर_टर्नर

आता वेढा कापण्याबद्दल.

कडकपणाचं सूत्र: तारेच्या जाडीचा चौथा घात गुणिले पोलादाचा शिअर मॉड्युलस (पिळाला होणारा विरोध, 79,000 धरा), भागिले 8 गुणिले मध्य व्यासाचा घन गुणिले चालते (प्रत्यक्ष दबणारे) वेढे. तार 12 मिमी, मध्य व्यास 62, चालते वेढे 6 घेतले तर 143 येतं. स्प्रिंग टेस्टरवर 2-4 टक्के इकडेतिकडे होणारच, कारण टोकाचा वेढा नेमका कुठून ‘चालता’ होतो ते डोळ्याने सांगता येत नाही.

जाडीचा चौथा घात आहे हे लक्षात घ्या. आतला व्यास तोच ठेवून तार 12 ची 12.5 केली तर थेट 165 येतं. अर्धा मिमी, 15 टक्के! म्हणून ‘दिसायला सारखीच आहे’ म्हणून स्प्रिंग घेऊ नका. व्हर्नियर लावा आणि तारेवरचा रंग-पावडरचा थर वजा धरा, तो सहज 0.2 मिमी निघतो.

वेढा कापला की 6 चे 5 होतात आणि कडकपणा 172 वर जातो. कागदावर हवं तेच मिळालं. पण स्प्रिंगचं टोक बसकं करून घासलेलं असतं, म्हणून ती सीटवर सपाट टेकते. कापलेलं टोक एका बाजूने टेकतं, शॉकचा रॉड तिरका ओढला जातो आणि सील-बुश एका अंगाने झिजून तेल येतं. ग्राइंडरने किंवा गॅसने कापताना तार निळी पडली म्हणजे तिथलं टेम्परिंग गेलं, पुढे तडा तिथूनच जाणार. उंची कमी झाली म्हणून खाली स्पेसर येतो. आणि तोच 60 मिमी स्ट्रोक आता 5 वेढ्यांनी वाटून घ्यायचा, म्हणजे प्रत्येक वेढ्याला 10 ऐवजी 12 मिमी दबावं लागतं. ज्या ताणासाठी ती तार निवडलेली नाही तो ताण रोज बसतो. नको ते.

नवी घेताना चार मापं जुळवा: आतला व्यास, मोकळी लांबी, टोकांचा प्रकार आणि घट्ट लांबी. चौथं कोणी पाहत नाही. एकूण वेढे 8 आणि तार 12.5 असेल तर सगळे वेढे एकमेकांना टेकल्यावर 100 मिमी. मोकळी लांबी 190 धरा, त्यातून प्रीलोड 15 आणि स्ट्रोक 60 गेला की उरले 115. म्हणजे 15 मिमी मोकळीक. ही 5 च्या खाली आली तर ती स्प्रिंग घेऊ नका. वेढे टेकले की पुढचा दणका थेट लिंकेजच्या बोल्टवर आणि फ्रेमच्या माउंटवर जातो.

भगूर_बायपास

टेस्टर नसला तर? दुकानदाराच्या लेबलवर किती विसंबायचं?

सातपूर_टर्नर

अंबड-सातपूरला स्प्रिंगचं काम करणाऱ्यांकडे टेस्टर असतो, विचारून पाहा. नाहीतर हायड्रॉलिक प्रेसखाली 150 किलोचा सपाट काटा ठेवूनही होतं, पण 140 न्यूटनची स्प्रिंग 10 मिमी दाबली की 143 किलो होतात, म्हणजे काट्याची हद्द आली. आधी 2 मिमी दाबून तो आकडा घ्या, मग आणखी 7 मिमी दाबून दुसरा. फरकाला 7 ने भागा. पहिले एक-दोन मिमी टोकं बसण्यात जातात, ते मोजले तर स्प्रिंग आहे त्याहून मऊ वाटते. काट्यावर जाड लोखंडी प्लेट हवीच, नाहीतर काचेचा काटा फुटेल.

द्वारका_सर्कल

रिबाउंडचा स्क्रू नाही हे कुणीच फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. माझ्या मते या गाडीचा खरा अडथळा तोच आहे.

स्प्रिंग दाबली जाते तेव्हा जोर साठवते आणि परत येताना तो आवरायचं काम शॉकमधल्या तेलाचं. स्प्रिंग 20 टक्के कडक झाली की तोच ताल टिकवायला डॅम्पिंग साधारण 9-10 टक्के जास्त लागतं (वर्गमुळाच्या हिशेबाने). शिवाय भरलेल्या गाडीचं वजनच जास्त, त्यामुळे मूळ स्प्रिंगवरही रिबाउंड तिथे कमीच पडत होता. म्हणून 20 ही माझ्या मते वरची हद्द, 30 कडे वळूच नका. गतिरोधकावरून उतरल्यावर मागची बाजू एकदा वर येऊन थांबली तर ठीक. वर-खाली-वर झाली तर शॉक उघडून व्हॉल्व्हच्या शिम (पातळ चकत्या) बदलाव्या लागतील.

नुसतं जाड तेल भरून देणारेही भेटतात. त्याने रिबाउंडबरोबर दाबाकडचं डॅम्पिंगही वाढतं आणि बारीक खड्ड्यांवर गाडी कडक लागते. आणि डब्यावरचा ‘10 ग्रेड’ प्रत्येक कंपनीचा वेगळा निघतो. तुलना करायची तर 40 अंशाला किती सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं माप) ते बघा.

शॉक आधीच तपासा. रॉडवर तेलाचा पट्टा किंवा क्रोमवर गंजाचे टिपके असतील तर स्प्रिंगवर पैसे घालू नका.

पंचवटी_गॅरेज

बसवण्याचं लिहितो. घरी होतं, पण घाईत नाही.

सगळ्यात आधी गाडी कशी उभी करायची ते. मागचा पॅडॉक स्टँड इथे चालत नाही. तो स्विंगआर्मखाली लागतो. शॉकचा बोल्ट काढला की फ्रेमला मागून आधारच राहत नाही आणि गाडी सरळ खाली बसते. आधार फ्रेमला हवा: मेन स्टँड, नाहीतर दोन्ही फूटरेस्टच्या ब्रॅकेटखाली जॅक स्टँड. पुढचा ब्रेक रबरबँडने दाबून ठेवा. मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवा आणि चाक 5-10 मिमी वर-खाली करत बोल्टवरचा ताण शून्य करा. ताण गेला की बोल्ट बोटाने फिरतो. हातोड्याने मारावा लागतोय म्हणजे ठोकळ्याची उंची चुकली आहे.

बॅटरी बॉक्स किंवा मडगार्ड आड येत असेल तर ते काढा. आधी लिंकेजचा बोल्ट, मग शॉकचा खालचा, शेवटी वरचा, आणि शॉक हातात धरूनच, नाहीतर तो ब्रेकच्या पाइपवर पडतो. वेगळी टाकी असलेला शॉक असेल तर तिच्यात दाबाखाली नायट्रोजन असतो, तिच्या व्हॉल्व्हला आणि टोपीला हात लावायचा नाही.

कॉलर फिरवण्याआधी वरून किती आटे उघडे दिसतात ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. मग आटे पितळी ब्रशने साफ करा, गंज सोडवणारा स्प्रे मारा, अर्धा तास थांबा. बॉडी अॅल्युमिनियमची असते, त्यात वाळू अडकली असताना कॉलर फिरवली तर आटे ओरबाडून निघतात आणि शॉकच बदलावा लागतो. आधी लॉकनट, मग कॉलर, दोन्हींना हुक पाना. छिन्नी-हातोडीने खाचा मोडतात, आणि पुढे प्रत्येक ट्रिपला प्रीलोड बदलायचा आहे हे विसरू नका.

कॉलर पूर्ण सैल केल्यावर काही शॉकमध्ये स्प्रिंग हाताने हलू लागते. मग खालची फटीची रिंग बाजूला सरकवून निघते. हलली नाही तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. त्याचे दोन आकडे (हुक) बरोबर समोरासमोर लावा आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा फिरवा. एकच बाजू दाबली तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि निसटते. 140 ची स्प्रिंग 20 मिमी दाबलेली असेल तर तिच्यात 285 किलोचा जोर असतो. शॉकचं तोंड भिंतीकडे, आपण बाजूला. कारच्या स्ट्रटचा कॉम्प्रेसर आणू नका, त्याचे आकडे एवढ्या लहान वेढ्यांत बसत नाहीत.

नवी स्प्रिंग घालताना बंप स्टॉपचं (शॉक तळाला पोचताना दणका झेलणारं) रबर जागेवर आहे ना बघा. चुरा होत असेल तर आत्ताच बदला. स्प्रिंगचं टोक सीटच्या खाचेत बसलं पाहिजे. कॉलरच्या स्पर्शभागावर ग्रीसचा पातळ हात द्या. आधी कॉलर स्प्रिंगला नुसती टेकेपर्यंत आणा, तिथे मार्करने खूण करा, तो प्रीलोडचा शून्य. तिथून 8 मिमी आवळा आणि लॉकनट लावा.

शॉक बाहेर आहेच, तर लिंकेजची नीडल बेअरिंगंही काढून धुवा आणि पाणी न धरणारं ग्रीस भरा. सुया मोजून ठेवा, बऱ्याच लिंकेजमध्ये त्या सुट्ट्या असतात आणि एखादी जमिनीवर गेली तर कळतही नाही. बोल्टचा टॉर्क मॅन्युअलमधलाच, टॉर्क पान्याने. शॉकच्या डोळ्यात रबरी बुश असेल तर बोल्ट आधी सैलच ठेवायचा आणि गाडी चाकांवर उतरवून कुणीतरी बसल्यावर शेवटचा आवळायचा. चाक लटकत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

दिंडोरी_रोड

भो, हे सगळं मोनोशॉकचं झालं. आमच्याकडे दुधाचे कॅन लावलेल्या 100-125 सीसी गाड्या आहेत, दोन शॉकअपवाल्या. दोन 40 लिटरचे कॅन म्हणजे दूधच 82 किलो, वर कॅनचं वजन. तिथे काय करायचं?

पंचवटी_गॅरेज

तिथे स्प्रिंग बदलण्यात अर्थ नाही, शॉकअपची जोडीच जास्त भाराची घ्या. त्या शॉकचं तेल-सील सगळं बंद असतं आणि रिबाउंड मूळ स्प्रिंगपुरताच, 20-30 टक्के कडक घातली की गाडी उड्या मारते. पायऱ्यांचा अॅडजस्टर दोन्ही बाजूंना एकाच पायरीवर ठेवा. एक तिसरीवर, एक पाचवीवर असलेल्या गाड्या सर्रास दिसतात, त्यांचा चिमटा (स्विंगआर्म) पिळतो आणि टायर एका कडेने झिजतो. कॅन अॅक्सलच्या जितके पुढे सरकवता येतील तितके सरकवा. अॅक्सलच्या मागे टांगलेलं वजन मागे जास्त दाबतंच, वर पुढचं चाक हलकंही करतं.

गंगापूर_नाका

20 टक्क्यांचीच घेतो. बसवल्यावर अजून काही तपासायचं राहिलं?

द्वारका_सर्कल

चेन. स्विंगआर्मचा कोन बदलला की चेनचा ढिलेपणा बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि अॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वात ताठ असते. भरलेल्या गाडीवर कुणाला तरी बसवून त्या स्थितीत थोडी ढील शिल्लक आहे ना बघा, नाहीतर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो.

हेडलाइट भिंतीसमोर उभं राहून पुन्हा लावा, एकट्याने आणि भरलेली, दोन्ही. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर सॅग परत मोजा. लॉकनट सैल झालेला असू शकतो, नवी स्प्रिंग मिमीभर बसलेलीही असू शकते.

साइड स्टँड. एकट्याच्या सॅगमध्ये मागची बाजू साधारण 10 मिमी वर आलेली असेल, त्यामुळे गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलेल. लगेच जाड पट्टी वेल्ड करून घेऊ नका. बॅगा भरल्यावर मागची बाजू पुन्हा खाली येते, तेव्हा लांब केलेल्या स्टँडवर गाडी फार सरळ उभी राहते आणि उतारावर उजवीकडे आडवी होते. 4-5 मिमीची पट्टी पुरते, तीही बॅगा लादून पाहिल्यावरच.